हलचा राजा आणि तीनदा उठलेला पाडा

त्या पाड्यावर आता मला कुणी पाणी विचारत नाही. मोखाड्याकडच्या पोशेरा गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या खांद्यावर तो पाडा आहे. त्याचं नाव सांगत नाही, तिथल्या माणसांचीही सांगणार नाही. वाट चुकून आलेल्या जीपवाल्यालाही तिथं आधी तांब्या मिळतो आणि मग काम विचारतात. मला मिळत नाही. मी अंगणाच्या कडेला उभा राहतो, बायका आपापली कामं करत राहतात, कुत्रंसुद्धा मान वर करत नाही. हे मला मिळालंय ते रास्त आहे. का मिळालं, ते मी आजवर कुणाला सरळ सांगितलेलं नाही. घरातही नाही. आता सांगतो.

गोष्ट सुरू होते इंग्लंडातल्या एका बंदरापासून. हसू नका. हसण्यावरूनच पुढचं सगळं झालं.

मी जव्हारच्या पेठेतला. इतिहास शिकवतो. मोखाड्याच्या बाजूच्या ज्या शाळेत मी वीस-बावीस वर्षं नोकरी करतोय, तिच्या कोठीत कुणीतरी दान दिलेल्या इंग्रजी पुस्तकांचा एक खोका पडून होता. उंदरांनी कोपरे खाल्लेले. त्यात इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या हल नावाच्या बंदराविषयी एक जाड पुस्तक होतं. का कोण जाणे, मला त्या गावानं पछाडलं. आमच्याकडच्या नद्या उड्या मारतात. दाभोशाला नदी कड्यावरून खाली झेप घेते आणि पुढं तिचं काय होतं याची कुणी चौकशी करत नाही. हलची नदी संथ, गढूळ, चिखलानं भरलेली. ती हंबर नावाच्या थोरल्या खाडीला मिळते आणि त्या सांध्यावर गाव बसलंय. भरतीला जहाजं आत येतात, ओहोटीला चिखलात बसून राहतात. मी ते चित्र इतक्या वेळा पाहिलं की शाळेच्या पायरीवर बसलो तरी मला ओल्या लोकरीचा वास यायचा. ओल्या लोकरीचा वास मी आयुष्यात कधी घेतलेला नाही.

पुढं एका लहान प्रकाशकानं मुलांसाठी बंदरांवर पुस्तिका काढायच्या ठरवल्या, तेव्हा मी हलवर लिहून दिलं. बत्तीस पानं. गाव कसं जन्मलं हाच विषय. पांढऱ्या झग्यांतल्या साधूंचा एक मठ तिथं जवळ होता. त्यांच्याकडं मेंढ्या फार. लोकर परदेशी धाडायला त्यांनी नदीच्या मुखाशी धक्का केला. मग इंग्लंडच्या राजाला उत्तरेत लढाई करायची होती, सैन्याला रसद पोचवायला बंदर हवं होतं, म्हणून त्यानं ती जागा साधूंकडून घेतली, तिला राजाचं गाव असं नाव दिलं, सनद दिली, रस्ते आखले, बाजार बसवला. एक दंतकथाही आहे. राजा शिकारीला निघाला, त्याच्यापुढून एक ससा पळाला, सशाचा पाठलाग करता करता तो नदीच्या मुखाशी आला, आणि जागा पाहून थबकला. इतिहासकार ही कथा खरी मानत नाहीत. मी ती पहिल्याच पानावर घातली. मुलांना आवडेल म्हणून, असं मी म्हणायचो. आवडली मला होती.

आणि दुसऱ्या पानावर एक वाक्य लिहिलं: 'त्याआधीच्या वस्तीविषयी माहिती उपलब्ध नाही.'

हे खोटं होतं. त्या जाड पुस्तकात माहिती होती. साधूंच्याही आधी तिथं वाइक नावाची वस्ती होती. खाडीवर जगणारी माणसं होती. दीड-दोन पानं मजकूर होता. पण ती माणसं घातली असती तर गोष्टीची सुरुवात विसकटली असती. राजा, ससा, सनद, गाव, असं कसं छान एका ओळीत बसत होतं. मी त्यांना काढून टाकलं. सात-आठशे वर्षांपूर्वी मेलेल्या परक्या माणसांना काढायला मनाला काही लागत नाही. हातच तेवढा सरावतो.

पुस्तिका आली तेव्हा मुख्याध्यापकांनी शाळेत कार्यक्रम ठेवला. आसपासच्या पाड्यांवरची जाणती माणसं बोलावली. वरच्या पाड्यावरून एक म्हातारा आला होता. पाड्याचं देवाचं सगळं तोच बघायचा. वाळलेल्या लाकडासारखा माणूस, कमरेला पंचा, डोक्याला मळकट फडकं, आणि डोळे सारखे कुणाची तरी गंमत चाललीय असे. त्याला पुढच्या खुर्चीवर बसवलं होतं. तो खुर्चीवर पाय वर घेऊन उकिडवा बसला.

मी बोललो. चांगलं बोललो असं मला वाटलं. राजा सशामागे धावतो ते मी हातवारे करून सांगितलं. संपल्यावर मुख्याध्यापक म्हणाले, कुणाला काही विचारायचंय? असं विचारतात तेव्हा कुणी काही विचारत नसतं. म्हाताऱ्यानं हात वर केला.

"गुरुजी, त्या साधूंनी जागा कुनाकडनं घेतली?"

"तिथं थोडी मच्छीमारांची वस्ती होती, बाबा."

"थोडी म्हंजे किती?"

"त्याची नोंद नाही."

"नोंद नाय." त्यानं मान डोलावली. "मंग राजा आलाच नसता, तर ती मानसं जल्मलीच नसती का?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं. मी म्हणालो, "तसं नाही. पण गाव म्हणून सुरुवात तेव्हाच झाली. सनद मिळाली तेव्हा."

"आसं व्हय. राजानं कागद दिला तवा सुरुवात." मग तो अगदी काळजीनं विचारल्यासारखं म्हणाला, "आनी ससा, गुरुजी? सशाचं काय झालं?"

सगळी शाळा हसली. मुलं, पाहुणे, शिपाई. मुख्याध्यापकांनी रुमाल तोंडाला लावला. बायकांच्या बाजूनं कुणीतरी ओरडलं, "राजानं खाल्ला आसंल गं!" आणि पुन्हा हशा. म्हातारा हसला नाही. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं असं मला आज वाटतं. त्या दिवशी नाही वाटलं. त्या दिवशी मला वाटलं, चार बुकं न शिकलेल्या माणसानं माझी बत्तीस पानं भर सभेत फाडून हातात दिली.

दुसऱ्या दिवसापासून माझं नाव ससा गुरुजी पडलं. जीपमध्ये, बाजारात, टपरीवर. "सरका जरा, ससा गुरुजींना बसू द्या." फळ्याकडं पाठ केली की मागच्या बाकावरून दोन बोटांचे कान वर व्हायचे, सावली मला दिसायची. मी कुणाला बोललो नाही. मी बोलत नाही, हा माझा जुना रोग आहे. माझ्यात काही साचलं की ते जिरत नाही, मुरतं.

इथं जव्हारचं एक सांगायला हवं, नाहीतर माझा फणा कुठून आला ते कळणार नाही. आमच्या संस्थानाच्या जन्माचीही एक दंतकथा आहे, आणि ती जवळजवळ हलच्याच काळातली म्हणतात. इथं पूर्वी वारल्यांचा मुखिया होता. एक माणूस त्याच्याकडं आला आणि म्हणाला, बैलाच्या एका कातड्यात मावेल एवढी जमीन दे. मुखिया हसून हो म्हणाला. त्या माणसानं कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, एकाला एक जोडल्या आणि त्यांनी सगळा मुलूख वेढून घेतला. पेठेत आम्ही ही गोष्ट हुशारी म्हणून सांगत वाढलो. दसऱ्याला, लग्नात, कुठंही. पाड्यांवर हीच गोष्ट सांगा, कुणी हसत नाही. ती माणसं आपल्याकडं नुसती बघतात. मी त्या बघण्याला अडाणीपणा समजायचो. बोलून दाखवत नव्हतो, पण समजत होतो.

दोनेक वर्षं गेली. वनहक्काचे दावे घालायची धांदल सुरू झाली. पाड्यानं कुठवरचं रान वापरलं, कुठं देव आहे, कुठलं पाणी पितात, पिढ्यान् पिढ्या कुठं राहिले, हे सगळं लिहून द्यायचं. त्याला जाणत्या माणसांचे जबाब जोडायचे. वरच्या पाड्याची माणसं माझ्याकडं आली. माझं अक्षर चांगलं आणि 'इतिहासवाला मास्तर' म्हणून. म्हातारा स्वतः आला होता. म्हणाला, "लिवून द्या, गुरुजी. तुमाला गावाच्या जल्माचं लिवायचा सराव हाय."

टोमणा होता का? मी टोमणाच धरला. मी म्हणालो, "देतो की."

तीन दिवस त्याच्या अंगणात बसलो. भात झोडून झालं होतं, पेंढ्याचा वास होता. त्याची सून काळा चहा आणून द्यायची. ती माझीच विद्यार्थिनी. पाचवीपासून दहावीपर्यंत माझ्या वर्गात होती, मग त्या घरात दिली. ती चहा ठेवायची, म्हणायची, "घ्या सर," आणि भिंतीशी बसून ऐकायची.

म्हाताऱ्यानं जे सांगितलं ते असं. पाडा तीनदा उठला. पहिली जागा खूप वर, सूर्यमाळच्या दिशेला तोंड करून असलेल्या माळावर. दुसरी तिच्या खाली, उंबराच्या बाजूला, खडकाच्या पोटात झिरा होता तिथं. झिरा म्हणजे खणलेला खळगा, त्यात पाणी झिरपून साठतं. तो झिरा वैशाखातही आटत नाही; पाडा तेव्हाही उन्हाळ्यात तिथलंच पाणी आणायचा. एका पावसाळ्यात तिथं तापानं एकामागून एक माणसं गेली. एकाच घरातली दोन, मग शेजारची. मग पाडा उठला, खाली एका टेकाडावर बसला, आणि तिथंही मरण आलं तेव्हा उठून आत्ताच्या जागी आला. त्यांच्यात तशी रीत होती. मरण वस्तीला चिकटलं की वस्तीनं उठायचं. कुडं, वासे, कणगी, सगळं डोक्यावर घ्यायचं. चुलीतला विस्तव मडक्यात घालून सगळ्यात पुढं न्यायचा. आणि मागं वळून बघायचं नाही.

"देव?" मी विचारलं.

"देव उठत नाय, गुरुजी. मानूस उठतो. देव तिथंच. म्हनून तर दर वाघबारशीला, दिवाळीच्या तोंडावर, आमी वर जातो ना. वाघदेव त्या झिऱ्यापाशी हाय. त्याला नवा दाना दाखवल्याशिवाय आमी खात नाय."

मी वहीत सगळं लिहीत होतो. उंबर, झिरा, देवाचा दगड, पुरलेल्या माणसांच्या जागा, पहिल्या माळावरची जोती. कुठून कुठं पायवाट जाते. त्याला वाट तोंडपाठ होती. बोलताना तो बोटानं हवेत वळणं काढायचा. तिसऱ्या दिवशी त्यानं अचानक विचारलं, "त्या तुमच्या गावाजवळ आजून एखांदं गाव उठलं का?"

मी सांगितलं की हो, खाडीच्या तोंडाशी एक बंदर होतं, वाळूच्या बेटावर. समुद्रानं ते हळूहळू गिळलं. तिथले लोक घरं सोडून गेले.

"कुठं गेले?"

"काही हललाच आले असतील."

"आनी देव?"

"बुडाला."

म्हातारा "आरारा" म्हणाला. मनापासून. एखाद्या सोयऱ्याची बातमी ऐकावी तसं. त्या एका शब्दावर मी विरघळायला हवं होतं. हलविषयी माझ्याशी आजवर इतकं कुणी बोललं नव्हतं. पण तेवढ्यात कुंपणाशी दोन जवान पोरं येऊन उभी राहिली आणि म्हातारा त्यांच्याकडं बघून हसत म्हणाला, "आरं, ससा गुरुजी आपलं आख्खं लिवून ऱ्हायलेत. फकस्त राजाची वाट बघू नका म्हनावं!" पोरं हसली. सूनही पदराआड हसली.

मीही हसलो. चहा संपवला. वही मिटली.

घरी येऊन पक्की प्रत केली. शाईच्या पेनानं, वळणदार. त्यात लिहिलं: 'सदर पाडा सध्याच्या जागी वसलेला आहे. त्याआधीच्या वस्तीविषयी माहिती उपलब्ध नाही.' पुढं आत्ताच्या पाड्याभोवतीची हद्द लिहिली, ओढ्यापासून वाटेपर्यंत. झिरा नाही. उंबर नाही. देव नाही. ते वाक्य लिहायला मला विचारसुद्धा करावा लागला नाही. हाताला ते पाठ होतं.

एवढ्यावर थांबलो असतो तर आळस म्हणून, अज्ञान म्हणून पोटात घालता आलं असतं. मी थांबलो नाही. ग्रामसभेत जबाब वाचून दाखवायचा असतो. मी वहीतून वाचलं. सगळं. माळ, उंबर, झिरा, वाघदेव, तापानं गेलेली माणसं. लोक माना डोलवत होते. एक म्हातारी रडली. म्हातारा म्हणाला, "बराबर. एकूनएक बराबर." मग मी वही खाली ठेवली, पिशवीतून पक्की प्रत काढली आणि तिच्यावर अंगठे घेतले. म्हाताऱ्याचा हात थरथरायचा, म्हणून मी त्याचा अंगठा माझ्या हातात धरला, शाईवर दाबला आणि कागदावर टेकवला. खाली लेखक म्हणून माझी सही केली. त्या अंगठ्याचा खरखरीतपणा मला अजून आठवतो. रंधा न मारलेल्या फळीसारखा होता.

त्या वेळी मला काय वाटलं? बरं वाटलं. खोटं कशाला बोलू. वाटलं, आता विचार म्हणावं सशाचं काय झालं.

काय होईल याचा नीट विचार मी केला नव्हता, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत आलो. खरं म्हणजे मला अंदाज होता. कागदावर जे असेल तेच मोजलं जातं, हे इतिहासाच्या मास्तराला कळत नसेल तर कुणाला कळणार? आणि तसंच झालं. कागदात होतं तेवढंच मंजूर झालं. वरचा झिरा, वाघदेव, उंबर, सगळं बाहेर राहिलं. एक-दोन वर्षांत त्या भागात वनखात्याच्या रोपवनाचं तारेचं कुंपण आलं. कुणी मुद्दाम त्यांचं पाणी तोडलं असं नाही. तार आखणाऱ्यानं कागद पाहिला आणि कागदात तिथं कुणी नव्हतं.

पहिल्या उन्हाळ्यात पाड्याच्या बायका पाण्याला खालच्या ओढ्यापर्यंत उतरू लागल्या. पूर्वी एक चढ होता; आता तीन उतार आणि तेवढेच चढ, डोक्यावर हंडे. एक बाई पाय घसरून पडली, तिचा खुबा मोडला, ती पुढं धड चाललीच नाही. वाघबारशीला म्हाताऱ्यानं तारेच्या बाहेरूनच नवा दाणा टाकला. आत देवापर्यंत पोचला नाही. मी हे पाहिलेलं नाही, सुनेनं सांगितलेलं आहे.

आणि या सगळ्यात सगळ्यात वाईट गोष्ट अशी की ते माझ्याशी चांगले वागू लागले. तालुक्याला शिव्या, कचेरीला शिव्या, पण म्हणायचे, गुरुजींनी आपलं खरं लिहिलं, सायबानं खोडलं. ससा हे नाव बंद झालं. जीपमध्ये पुढची जागा मला. नाचणीचं पोतं उतरलं की शेरभर माझ्या घरी. म्हातारा वाटेत भेटला की हात जोडायचा. मी त्याच्याकडून ते हात जोडून घेतले. पाच-सहा वर्षं घेतले. बायको म्हणायची, पाड्यावरची माणसं तुम्हाला किती मानतात, तुम्ही मात्र त्यांचं नाव काढलं की उठून जाता. मी उठून जायचो.

म्हातारा गेल्या पावसाळ्यात गेला. त्याच्या दिवसांना मी गेलो नाही, ताप आल्याचं सांगितलं. पुन्हा दावा घालता येईल असं कुणीतरी पाड्याला सुचवलं होतं. त्यासाठी जुन्या कागदांची प्रत हवी. सुनेनं हेलपाटे घालून ती मिळवली आणि एक दिवस मधल्या सुट्टीत शाळेत आली. वर्गात मी एकटाच होतो.

"सर, हे आपलं जुनं कागद. वाचा ना, कुठं खोडलंय सायबानं, मला घावंना."

मी कागद हातात घेतला नाही. चष्मा नाही म्हणालो. चष्मा खिशात होता, तिला दिसत होता. तिनं स्वतःच वाचायला सुरुवात केली, बोट ठेवून, वर्गात वाचायची तशी. "त्या-आधीच्या वस्ती-विषयी माहिती उपलब्ध नाही." थांबली. पुन्हा वाचलं. मग माझ्याकडं बघितलं.

"खोडलेलं तर काय नाय ह्याच्यात."

"दुसरा कागद लावला असेल कुणीतरी," मी म्हणालो. "कचेरीत बदलतात."

कागद हातात धरून ती फळ्याकडं वळली. फळ्यावर सकाळच्या तासाचं माझं लिखाण तसंच होतं. तिनं कागद फळ्याला लावून धरला. एकदा कागद बघितला, एकदा फळा.

"अक्षर तुमचं हाय, सर. सहा वर्सं बघितलंय मी." मग हळू आवाजात म्हणाली, "मी चा आनून देत व्हते तवा तुमी वहीत लिवत व्हते, ते काय व्हतं मंग?"

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. घंटा झाली. ती म्हणाली, "बाबा मरताना पन तुमाला हात जोडायचा." आणि गेली. मुलं आत आली, मी त्यांना कोणता धडा शिकवला ते आठवत नाही.

वही माझ्याकडं होती. लोखंडी पेटीत तळाला, हलच्या पुस्तिकांच्या गठ्ठ्याखाली. ती मी का जाळली नाही, माहीत नाही. जाळायला काढली होती दोनदा.

वाघबारशीच्या दिवशी सकाळी मी वही घेऊन वर गेलो. पाडा तारेपाशी जमला होता. सुपात नवा भात, नारळ, काकडी. मला बघून कुणी जागा केली नाही. सुनेनं सांगितलेलं असणार. मी आदल्या दिवशी लिहिलेला कागद काढला. म्हणालो, "मला वाचायचंय."

"आता काय वाचता?" सुनेचा दीर म्हणाला. कुंपणाशी हसलेल्या त्या दोन जवान पोरांपैकी एक तोच. आता पोरगा राहिलेला नाही, मुंबईला बिगारीला जाऊन आलेला. "मागच्या बारीला वाचलं तेवढं पुरं नाय का झालं? बहुत वाचून दाखवलं तुमी."

"वाचू दे," सून म्हणाली. "देवाला ऐकू जाईल आसं वाचा. तो आत हाय."

मी तारेकडं तोंड करून वाचलं. पाडा तीनदा उठला, हे मला म्हाताऱ्यानं सांगितलं होतं. मी ते वहीत लिहिलं होतं. सभेत वाचलं एक आणि अंगठे घेतले दुसऱ्यावर. कचेरीनं काही खोडलं नाही. हे मी जाणूनबुजून केलं. कारण विचारलं तर, माझ्यावर हसले होते म्हणून. हे शेवटचं वाक्य वाचताना माझा आवाज चिरकला, आणि मला वाटलं आता तरी कुणीतरी हसावं. कुणी हसलं नाही.

"ससा म्हनलं म्हनून?" दीर म्हणाला. "त्याच्यासाठी? माझ्या आयशीचा खुबा गेला, गुरुजी!" तो माझ्या अंगावर आला, माझ्या सदऱ्याची पट्टी त्याच्या मुठीत गेली. मी हललो नाही. दोन बायका मध्ये पडल्या. पाड्यावरच्या दुसऱ्या एका म्हाताऱ्यानं शांतपणे म्हटलं, "हात नको लावू. लिवायचा हात हाय त्याचा, आपल्याला लागंल." ती माया नव्हती. नांगराचा बैल मारकुटा असला तरी पेरणीआधी कुणी त्याला मोडत नाही, तेवढंच.

मी वही सुनेच्या हातात दिली. कागदावर सही करायला खिशातलं पेन काढलं. तिनं माझ्या हातातून पेन काढून घेतलं.

"सही नको. सही तुमी त्या कागदावर पन केलती." तिनं कनवटीची शाईची डबी काढली, ग्रामसभेची, निळी, झाकण चेपलेली. "अंगठा लावा."

"मी शिक्षक आहे गं," मी म्हणालो. का म्हणालो, देव जाणे. तिथंही माझ्या तोंडून तेच आलं.

"बाबाचा तुमी धरून लावला व्हता," ती म्हणाली. "मी बघत व्हते."

तिनं माझं मनगट धरलं, अंगठा शाईवर दाबला आणि गुडघ्यावर ठेवलेल्या कागदावर टेकवला. दोनदा, कारण पहिला ठसा फिसकटला. मग फुंकर मारून तो वाळवला. सगळे बघत होते. मग ती उठली, सुपातला मूठभर भात तिनं तारेवरून आत फेकला, आणि पाड्यानं आपली पूजा सुरू केली. मला जा म्हणून कुणी सांगितलं नाही, थांब म्हणूनही नाही. मी खाली उतरलो.

नवा दावा गेला आहे. त्याला माझा कागद आणि वही जोडली आहे. तालुक्याला मला बोलावलं तर मी जाणार आहे आणि तिथंही हेच सांगणार आहे. त्यानं नोकरीचं जे व्हायचं ते होवो. झिरा परत मिळेल का, मला माहीत नाही. हा उन्हाळा तर बायका खालच्या ओढ्यालाच उतरणार. वहीतल्या काही जागा सुनेला उमजत नाहीत, त्या सांगायला मला अधूनमधून वर बोलावतात. मी अंगणाच्या कडेला उभं राहून सांगतो. उंबर इथं, जोती तिथं, बाबा म्हणाले होते त्या वळणावर. ती लिहून घेते. अक्षर तिचं माझ्यासारखंच वळणदार आहे, मीच गिरवून घेतलेलं.

परवा चढून गेलो तेव्हा ऊन फार होतं. घसा कोरडा पडला होता. ओसरीवर हंडा भरलेला दिसत होता. मी मागितलं नाही. तो ओढ्यावरून आणलेला होता.